‘ईना मीना डीका’वाले अण्णा

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी चालली होती. आठवी-नववीतल्या मुली नाचासाठी दोन गाणी घेऊन आल्या. पहिल्या गाण्याचं धृवपद म्हणजे नुसता नाद, कुठल्याच भाषेत न सापडणारे शब्द. दुसऱ्या गाण्यातले शब्द समजत होते, त्यांना अर्थही होता. पण तो अर्थ असा, की बाई म्हणजे चाखून बघायची वस्तू. मंडळातल्या ज्येष्ठ काकूंनी दोन्ही गाणी ऐकली आणि दोन्हींवर एकच शेरा मारून टाकला, हल्लीच्या गाण्यांना काही अर्थच राहिलेला नाही. मुली हिरमुसल्या. मीही तेव्हा गप्प बसले, कारण काकूंचं पटतही होतं आणि पटतही नव्हतं.

घरी आल्यावर पोळ्या करताना मनात तोच विषय घोळत होता. हल्लीची गाणी, असं आपण सहज म्हणतो. पण बिनअर्थाच्या शब्दांवर अख्ख्या देशाला नाचवणारं ‘ईना मीना डीका’ आलं १९५७ साली! म्हणजे आज सत्तरीच्या काकू तेव्हा पाळण्यात होत्या. आणि ते गाणं केलं ते कुणी परक्या माणसाने नव्हे, तर आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका मराठी माणसाने. त्याच माणसाने पुढे सहा वर्षांनी असं एक गाणं केलं, की ते ऐकून पंतप्रधानांचे डोळे पाणावले. मैत्रिणींनो, नाचाच्या गाण्याला अर्थ हवा की नको, हा प्रश्न ज्याच्या आयुष्याला विचारावा असा हा माणूस. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. चित्रपटाच्या दुनियेत त्यांना सगळे अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, गोदावरीकाठच्या पुणतांब्याचा. दौंड-मनमाड मार्गावरून जाताना हे स्टेशन लागतं. चांगदेव महाराजांची समाधी इथेच आहे. मुलाला गाण्याची ओढ होती, म्हणून पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे तो शिकला. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय संगीताचा. पुढे ज्यांच्या गाण्यांना लोकांनी उथळ म्हटलं, त्यांची सुरुवात तंबोऱ्यापुढे मांडी घालून झाली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

सिनेमात मात्र अण्णा शिरले ते नट म्हणून. १९३५ साली ‘नागानंद’ नावाच्या चित्रपटात ते नायक झाले. चित्रपट पडला. नायक व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते बारीकसारीक भूमिका करू लागले आणि तिथल्याच संगीत विभागात पेटीवर साथ करू लागले. आपल्याकडे एखादा मुलगा परीक्षेत नापास झाला, की घरात सुतक पाळल्यासारखं करतात. इथे एक मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी साऱ्या देशासमोर नापास झाला आणि मिळेल ते काम करत राहिला. पेटीच्या त्या साथीनेच त्याला घडवलं.

संगीतकार म्हणून पहिलं काम मिळालं तेही हिंदी-मराठीत नाही, तर तमिळमध्ये. १९४१च्या सुमारास ‘जयकोडी’ आणि ‘वनमोहिनी’ हे दोन तमिळ चित्रपट त्यांनी केले. परक्या भाषेतल्या गाण्याला चाल लावायची, तर अर्थ दुसऱ्याकडून समजून घेता येतो; शब्दाचा नाद मात्र स्वतःच्या कानानेच पकडावा लागतो. कुठलं अक्षर लांबवायचं, कुठे ठेका द्यायचा, हे ऐकूनच ठरवावं लागतं. अण्णांच्या कानाला ही सवय तेव्हापासूनच लागली असणार, असं मला वाटतं.

१९४२ साली ‘सुखी जीवन’पासून त्यांची आणि मास्टर भगवान यांची जोडी जमली. भगवान आभाजी पालव हे दादरच्या चाळीतले, मारामारीचे स्वस्तातले सिनेमे काढणारे. दोघेही तरुण, दोघेही फारसे नाव नसलेले. या मैत्रीतून पुढे काय होणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

मुंबईच्या हॉटेलांमध्ये त्या काळी गोव्याचे वादक जॅझ वाजवत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट ही वाद्यं त्यांच्या हातात खेळत असत. संध्याकाळी हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला, असा त्यांचा दिनक्रम. त्यातलं एक मोठं नाव चिक चॉकलेट. हे टोपणनाव; खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. हे अण्णांचे सहायक झाले. अमेरिकेच्या बेनी गुडमनचं संगीत अण्णांना फार आवडे. एकीकडे पटवर्धनबुवांची तालीम आणि दुसरीकडे गोव्याच्या मंडळींचा जॅझ. या दोन्हींचं जे लोणचं मुरलं, ते म्हणजे अण्णांचं संगीत.

१९४७ साली ‘शहनाई’ आला आणि त्यातलं ‘आना मेरी जान संडे के संडे’ घरोघरी पोचलं. गिटार, माउथ ऑर्गन आणि मध्येच शीळ. लोक वेडे झाले आणि संगीतातल्या जाणत्यांनी नाकं मुरडली. गाणं सवंग ठरवलं गेलं. पण ते गाणं नीट ऐका. पुरुष साहेबी थाटात मुलीला लालूच दाखवतो, आणि मुलगी त्याला ठसक्यात फटकारून लावते. सवंग म्हणून ज्याला नावं ठेवली, त्या गाण्यातली बाई मुकी नाही. हिशेब पुरता करणारी आहे. १९४९च्या ‘पतंगा’मधलं ‘मेरे पिया गये रंगून’ही तसंच. वरवर टेलिफोनची गंमत, पण नोकरीसाठी दूर देशी गेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको ही त्या काळी कितीतरी घरांतली खरी गोष्ट होती. म्हणजे हलकं गाणं आणि पोकळ गाणं यांत फरक असतो.

मग आलं १९५१ आणि ‘अलबेला’. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण. ‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत’ या गाण्यांनी थिएटरात लोकांना खुर्चीवर बसू दिलं नाही. भगवानदादांचा नाच काही अवघड नव्हता. हात थोडे हलवायचे, खांदे थोडे उडवायचे, पाय जागच्या जागी ठेक्यात टाकायचे. कुणालाही जमेल असा. लग्नाच्या वरातीत आजही मामा-काका जे नाचतात, ते नकळत भगवानदादांचंच असतं. गाण्याचे शब्दही तसेच, सोपे आणि तोंडात बसणारे. जो नाच सगळ्यांनी करायचा, त्याचे शब्द कोश उघडून बघावे लागले तर कोण नाचेल?

पण या चित्रपटाची खरी गंमत पुढे आहे. याच ‘अलबेला’त, याच राजेंद्र कृष्ण यांनी लिहिलेली आणि याच अण्णांनी चाल लावलेली एक अंगाई आहे, ‘धीरे से आजा री’. पिलूच्या सुरांतली, लताबाईंच्या आवाजातली. किती घरांत ती गाऊन लेकरं झोपवली गेली असतील, त्याची गणती नाही. तिथे ट्रम्पेटचा दणका नाही, ठेक्याची घाई नाही. शब्द हळूच येतात आणि सूर त्यांना पांघरूण घालतात. एकाच चित्रपटात तोच माणूस एका गाण्यात शब्दांना पायात घुंगरू बांधून नाचवतो आणि दुसऱ्यात त्यांना मांडीवर घेऊन थोपटतो. अर्थाला कुठे पुढे करायचं आणि कुठे मागे ठेवायचं, हे त्याला नेमकं कळत होतं.

त्या काळातही हा वाद फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांपुरता नव्हता. तो थेट दिल्लीपर्यंत पोचला होता. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. तेही मराठीच. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि शास्त्रीय संगीत वाढलं. हेतू वाईट नव्हता. पण लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. तिथली बिनाका गीतमाला घराघरांत ऐकली जाऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवर परत आली. गाणं बंद करून अभिरुची सुधारत नाही, हा धडा देशाने तेव्हाच घेतला. आपण मात्र घरात तो वारंवार विसरतो.

या सगळ्या वर्षांत अण्णा फक्त नाचाचीच गाणी करत होते, असं नाही. १९५३च्या ‘अनारकली’तलं ‘ये जिंदगी उसी की है’ ऐकताना आजही गलबलून येतं. १९५४च्या ‘नास्तिक’मध्ये कवी प्रदीप यांनी फाळणीनंतरच्या माणसाच्या घसरणीवर लिहिलेलं गाणं त्यांनी प्रदीप यांच्याच आवाजात दिलं. तिथे चाल इतकी साधी ठेवली, की प्रत्येक शब्द कानात शिरावा.

आणि मग १९५७चा ‘आशा’. त्यातल्या ‘ईना मीना डीका’ची जन्मकथा मोठी गोड सांगितली जाते. अण्णांच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती. कुणावर राज्य येणार हे ठरवण्यासाठी इंग्रजी शाळेतली मुलं मोजणीचे जे बिनअर्थाचे शब्द म्हणतात, ते त्यांचे चालले होते. तेच अण्णांनी उचलले. त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतलं ‘माका नाका’ घातलं. माका नाका म्हणजे मला नको! बाकीचं गाणं राजेंद्र कृष्ण यांनी बांधलं. म्हणजे गंभीर ‘अनारकली’ लिहिणारी लेखणीच इथे मुलांच्या खेळात सामील झाली. किशोरकुमार आणि आशाबाई या दोघांच्या आवाजात हे गाणं वेगवेगळं निघालं आणि हिंदी चित्रपटातल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याचं नाव आजही घेतलं जातं.

आता याला अर्थ काय, असं विचारलं तर उत्तर नाही. पण आपण तरी लहानपणी काय म्हणत होतो? बोटं मोजताना ‘अरिंग मिरिंग’. बाळाला न्हाऊ घालून तीट लावताना ‘अडगुलं मडगुलं’. हस्त नक्षत्र लागलं, पाटावर हत्ती काढला, की भोंडल्यात ‘ऐलमा पैलमा’. कुणी विचारलं होतं का आपल्याला, ऐलमा म्हणजे काय म्हणून? फेर धरताना पाऊल पडायला एक नाद लागतो. तो नाद जोडाक्षरांच्या जड शब्दांतून मिळत नाही. दोन-दोन अक्षरांचा शब्द, पहिल्या अक्षरावर जोर, शेवटी मोकळा ‘आ’. ईना, मीना, डीका. म्हणून पाहा, मान आपोआप हलते. झिम्मा खेळणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांना ते येत होतं. अण्णांनी तेच ओळखलं. नाचाच्या गाण्यात शब्द हे आधी वाद्य असतात, अर्थाचं त्यानंतर बघायचं.

पण म्हणून शब्दांना अर्थ नकोच, असं त्यांचं आयुष्य सांगत नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. आपले कितीतरी जवान हिमालयात कामी आले. देशाचं मन खचलं होतं. कवी प्रदीप यांनी त्या जवानांसाठी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लिहिलं आणि ते अण्णांकडे आलं. मधल्या काळात अण्णा आणि लताबाई यांच्यात दुरावा आला होता. या गाण्यासाठी तो बाजूला ठेवून त्या पुन्हा त्यांच्या सुरांत गायल्या. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्या समोर ते गाणं झालं. नेहरूंना अश्रू आवरले नाहीत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिथे अण्णांनी आपली सगळी कारागिरी मागे ठेवली. संगीत शब्दांच्या पाठीशी उभं राहिलं, पुढे आलं नाही. प्रदीप यांची इच्छा होती, की या गाण्याचं मानधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला जावं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला त्या निधीत दहा लाख रुपये भरायला सांगितले. गाण्याच्या शब्दांना अर्थ असला, की तो असा एखाद्या घराच्या चुलीपर्यंतही जाऊ शकतो.

गंमत बघा, या गाण्यानेही अण्णांना पुन्हा काम मिळवून दिलं नाही. साठच्या दशकात नवे संगीतकार पुढे आले, अण्णांकडचे चित्रपट कमी होत गेले. मग ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे मराठी चित्रपट त्यांनी काढले, त्यांत कामही केलं. ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांचं ‘मलमली तारुण्य माझे’ आहे, माडगूळकरांचं ‘पप्पा सांगा कुणाचे’ आहे, आणि त्याच चित्रपटात पाश्चात्त्य ठेक्यावरचं ‘हाऊस ऑफ बांबू’ही आहे. पन्नाशी ओलांडली तरी अण्णांनी दोन्ही वाटा सोडल्या नव्हत्या. गदिमांच्या ‘गीत गोपाल’लाही त्यांनीच चाली दिल्या. १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं आणि ५ जानेवारी १९८२ला, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना, मुंबईत अण्णा गेले.

त्यांचे मित्र भगवानदादा त्यांच्या मागे वीस वर्षं जगले. पैसा गेला, बंगला गेला, ते पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले. असं सांगतात, की गणपती विसर्जनाच्या मिरवणुका त्या चाळीपाशी थांबत, बँडवाले ‘शोला जो भडके’ वाजवत आणि थकलेले दादा खाली येऊन तीच जुनी पावलं टाकत. बँडला शब्द नसतात. तिथे उरते ती फक्त चाल. तरी रस्त्यावरच्या हरेक माणसाला ते गाणं ओळखता येतं. आणि २६ जानेवारीला गावोगावच्या शाळांत ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लागतं, तेव्हा अंगावर काटा येतो तो शब्दांमुळे. एकाच माणसाची ही दोन गाणी. कुठलं मोठं, हे कुणी ठरवायचं? मला तर वाटतं, ठरवूच नये. देवघरातली समई आणि अंगणातली पणती यांची तुलना आपण करत नाही.

म्हणूनच काकूंचं मला कुठे पटत नव्हतं, ते आता उमगलं. अर्थ नसणं आणि अर्थ वाईट असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकाच सुपात घालून पाखडतो. बिनअर्थाचं गाणं कुणाचं वाकडं करत नाही. ते मुलींच्या पावलांना ठेका देतं आणि विसरलं जातं. पण बाईला वस्तू ठरवणारं गाणं ठेक्याच्या आडून मनात शिरतं. चाल जितकी छान, तितका तो शब्द खोल जातो. आणि मग तेच शब्द मुलींना रस्त्यात, बस स्टँडवर टोमणा म्हणून ऐकावे लागतात. काळजी करायची तर ती या अर्थाची करायला हवी.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना बोलावलं. बंदी वगैरे काही घातली नाही. दोन्ही गाण्यांचे शब्द कागदावर लिहायला लावले आणि संगीताशिवाय, धडा वाचतो तसे मोठ्याने वाचायला सांगितले. पहिल्या गाण्याला सगळ्या खो खो हसल्या. दुसरं वाचताना दोन ओळींनंतर वाचणारी थांबली. पुढचं कुणीच वाचायला तयार होईना. कागद तिथेच घडी घालून ठेवला गेला. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

पहिलं गाणं कार्यक्रमात राहिलं. रिकाम्या झालेल्या जागेसाठी मी त्यांना ‘ईना मीना डीका’ ऐकवलं, आणि माका नाका म्हणजे काय तेही सांगितलं. ते शब्द त्यांना इतके आवडले, की आता भांडी घासायला सांगितलं तरी तेच उत्तर येतं, अशी त्यांच्या आयांची माझ्याकडे तक्रार आहे.